एकटी कॉइल

"सुनेसमोर नका बोलू जी, तो अजून येते म्हनून. नवीन पोरगी आहे, भेवून माहेरी जाईन."

हे अंजनाबाई मागच्या दारी भांडी विसळता विसळता नवऱ्याला म्हणाल्या, आणि भिंतीच्या अलीकडे त्यांची सून माधवी तांदूळ निवडत बसली होती. नव्या सुनेला हात असतात, पाय असतात, पण कान नसतात असा चामोर्शीतल्या त्या घराचा समज होता. माधवीने एक खडा बोटाने बाजूला सारला. कोण येतं, हे तिने विचारलं नाही. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली तिसरा एक फोटो होता. अश्वजित. तिच्या नवऱ्याचा, आयुषचा, मोठा भाऊ. मांडीवर बटणांचा बँजो, ओठांवर अर्धं गाणं. तीन वर्षांपूर्वी गेला. फोटोवरची धूळ रोज सासूबाई स्वतः पुसायच्या. ते काम सुनेकडे आलं नव्हतं.

येतो तो कुठे, तेही तिला ठाऊक होतं. लग्नाला पाच महिने झाले होते. रात्री आयुष अंथरुणातून उठायचा, मागच्या खोलीत जायचा, गिटारचा ॲम्प्लिफायर लावायचा आणि गिटार मांडीवर घेऊन बसायचा. वाजवायचा नाही. ॲम्प्लिफायरमधून बारीक घूंऽऽ येत राहायची, जुन्या फ्रीजसारखी, आणि तो ती मान खाली घालून ऐकत राहायचा. पहिल्या आठवड्यात माधवीला वाटलं होतं, फोनवर कोणी बाई आहे. बाई असती तर सोपं गेलं असतं, असं तिला आता वाटे. बाईशी निदान भांडता आलं असतं.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली होती. सासरे, बापूराव, गावाशी बोलायचे, गल्लीतल्या कुत्र्याशी बोलायचे, पण आयुषशी बोलत नसत. राग नव्हता. ताटावर समोरासमोर बसायचे आणि बायकोला सांगायचे, "त्याले म्हना, भाजी घे." भाजी दोघांच्या मधोमध असायची. अंजनाबाई म्हणायच्या, "भाजी घे म्हनते तुझे बाबा." आयुष घ्यायचा. असं ते घर चाललं होतं, मधल्या माणसाच्या तोंडून.

त्या दिवशी संध्याकाळी आयुषच्या जुन्या गायन पार्टीतली दोघं आली. गाणारी चंचल आणि ढोलकीवाला लालसू. रविवारी मूल गावात कार्यक्रम होता, आणि गिटारवाला ऐन वेळी आजारी पडला होता. आयुषने तीन वर्षांत स्टेजवर पाय ठेवला नव्हता, तरी ही दोघं विचारायला आली होती. आयुष दारात आला, "मले नाई जमनार," म्हणाला आणि आत गेला. मागच्या खोलीचं दार लागलं. थोड्या वेळाने तिकडून घूंऽऽ सुरू झाली.

पौषाची थंडी होती. बापूरावांनी अंगणात कापसाच्या पऱ्हाटीची शेकोटी केली होती, अंजनाबाई शेजारी बसल्या होत्या. "बसा," ते म्हणाले. "सूनबाई चहा ठेवते. इतक्या दुरून आले, तसेच काऊन जाता?"

"काका, मंग एखांदी भुताची सांगा," चंचल हात शेकत म्हणाली. ती दुःखातही तोंड बंद न ठेवणाऱ्यांपैकी होती.

"भुताची नाई सांगत बाप्पा. घडलेली सांगतो."

"ते तं सारेच म्हनते."

"सारे खोटं म्हनते. मी एसटीत कंडक्टर होतो, मी तिकीट फाडल्याशिवाय बोलत नाई."

बापूराव गोष्टसुद्धा कंडक्टरसारखीच सांगायचे, प्रत्येक स्टॉप घेत. माधवी चहाचा ट्रे घेऊन आली तोवर गाडी सुटली होती.

"चंद्रपूरले वारलू नावाचा मिस्त्री आहे माझ्या ओळखीचा. पठाणपुऱ्यात दुकान. मिक्सर, पंखे, डीजेचे बॉक्स, सारं करते. पन त्याचा हात बसलेला गिटारीवर. ऑर्केस्ट्रावाले वडश्यापासून त्याच्याकडे येते. त्याच्यासोबत झालेली गोष्ट हाये. तारीख होती पंधरा ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी तिथल्या, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्राचा सोहळा, तं चंद्रपूर मानसायनं भरून राह्यलं होतं. रोडवर निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, बुंदीनं भरलेले गंज. दुकानं बंद व्हायची वेळ, अन् एक पोरगा आला. गिटार घेऊन. कुठला... सिंदेवाहीकडचा समजा."

लालसूने एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं आणि चहात बघू लागला. गोष्ट कोणाची, ते अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसावं असं एकच माणूस होतं, आणि ते ट्रे घेऊन उभं होतं. "बस नं वो," चंचल तिला म्हणाली. माधवी उंबऱ्यावर टेकली.

"पोरगा म्हने, 'भाऊ, मले यात बँजो पायजे.' वारलू हासला. म्हने, 'गिटारीत बँजो कसा घुसवू लेका? उद्या म्हशीत बकरी माग.' तं पोरगा हासला नाई. म्हने, आमच्या पार्टीत मोठा भाऊ बँजो वाजवत होता, मी गिटार. तो गेला. आता एकाच गिटारीत दोघायचा आवाज बसवा. उद्या कार्यक्रम हाये."

"गेला म्हंजे कसा गेला?" चंचलने विचारलं. तिला माहीत होतं. पण गोष्टीत कोणीतरी विचारावं लागतं.

"बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम करून येत होते आष्टीकडून. लहाना गाडी चालवत होता. मोठा मागं, बँजो पोटाशी धरून. जंगलातला रस्ता. रानडुक्कर आडवं आलं." बापूरावांनी काठीने निखारे हलवले. "लहान्याची काई चूक नव्हती. कोनाचीच नव्हती. डुकराचीबी नव्हती."

हे वाक्य त्यांनी शेकोटीला सांगितलं. माधवीने ते ऐकलं आणि मनात कुठेतरी ठेवून दिलं.

"मंग वारलूनं त्याले समजावलं. म्हने पाय, पिकअप म्हंजे का, तं लोहचुंबकाच्या भवताल केसावानी बारीक तारेचे वेढे. कॉइल. तार हालली का कॉइलीत करंट उठते, तो ॲम्पात जाते, आवाज होते. तुझ्या गिटारीत एकेका पिकअपात दोन-दोन कॉइला हायेत, जुळ्या बहिनीवानी, पन एकमेकीच्या उलट गुंडाळलेल्या. काऊन उलट? तं हवेत ट्यूबलाइटची, रोडवरच्या डीपीची, साऱ्या विजेची घूं असते. एकटी कॉइल ते घूं धरते. दुसरी तेच उलटं धरते. दोघी मिळून घूं खाऊन टाकते. गानं तेवढं राह्यते."

"नवरा-बायकोवानी," चंचल म्हणाली.

"तुझं लगन झालं नाई म्हनून असं म्हनून राह्यली," लालसू म्हणाला. दोघं हसली. अंजनाबाईही पदराआड जराशा हसल्या. माधवी हसली नाही, कारण मागच्या खोलीतली घूं तिला इथवर ऐकू येत होती, आणि ती घूं दोघींची नव्हती. एकटीचीच होती.

"वारलू म्हने, हात तोच, तार तेच, फक्त करंटची वाट बदलवली का आवाज बदलते. दोनी कॉइला एकीमागं एक जोडल्या का जाड, गोड आवाज. बाजूबाजूनं जोडल्या का साफ. अन् एकीले झोपवून दुसरीलेच बोलवलं का पातळ, टोकदार. बँजोच्या जवळचा. तीन लहाने स्विच लावून देतो, स्टेजवर बोटानं बदलव. पन एक ध्यानात ठेव, पातळ आवाज पायजे असन तं घूं सोसावी लागन. एकटी कॉइल घुमनारच. तिचा इलाज नाई."

"मंग?"

"मंग कथील तापवून तारा झाळायले बसला. प्लेट खोलली, जुने डाग काढले, तारा सोलल्या. पोरगा समोर स्टुलावर. बाहेर लोक भीमगीतं म्हनत चालले होते. एक वाजता, दीड वाजता तेबी कमी झाले. तिन्ही स्विच बसले. वारलूनं वाजवून पाह्यलं. जाड... मस्त. साफ... मस्त. तिसरा पाडला, पातळ आवाज आला, अन् त्याच्यासोबत घूंऽऽ. जशी म्हनली होती तशी. पोरानं डोळे मिटले. म्हने, 'जवळ आलं भाऊ. पन तो नाई हाये.'"

बापूराव थांबले. चहा निवला होता. तो तसाच प्याले.

"मंग त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात एक कॉइल होती. मोठ्या भावाच्या बँजोतली. बँजोचा तं तिथीच चुरा झाला होता, एवढीच सापडली होती झाडोऱ्यात. म्हने, हेबी लावून द्या. वारलूनं मीटर लावलं. काटा हालला नाई. तार आतून तुटली होती. वारलू म्हने, 'मेली आहे हे, बाबू. आवाज नाई येनार.' पोरगा म्हने, 'असू द्या. जोडू नका. नुसती आत ठेवा. भावाची आहे.' आता याले का म्हनाव? वारलूनं गिटारीच्या पोटात जागा पाह्यली, ठेवली. तिच्या दोनी तारा मोकळ्या. कशालेच जोडल्या नाई. हे पक्कं ध्यानात ठेवा. कशालेच नाई."

लालसूने मान हलवली.

"प्लेट लावायच्या आधी परत तपासायचं होतं. तिसरा स्विच पाडला..."

शेकोटीत एक काडी मोडली.

"घूं नाई."

चंचलने चहाचा कप खाली ठेवला.

"वारलूले वाटलं, ॲम्प बंद पडला. दिवा पाह्यला. दिवा चालू. आवाज वाढवला. पूर्न वाढवला. नाई. डोक्यावर ट्यूबलाइट जळून राह्यली, बाहेर डीपी... अन् एकटी कॉइल गप. अशी गप जशी... जोडीनं बसली हाये."

"स्विच उलटा लागला असन," लालसू हळूच म्हणाला.

"त्यालेबी असंच वाटलं. मंग त्यानं पेचकस घेतला. मिस्त्री लोकायची रीत आहे, पेचकसाचं टोक पिकअपवर टेकवायचं. जे कॉइल जागी, तिचा टक ॲम्पातून येते. जे झोपली, तिचा येत नाई. त्यानं झोपवलेलीले टेकवला. काई नाई. जागीले टेकवला. टक. बरोबर. स्विच बरोबर होता. सारं बरोबर होतं. घूं तेवढी नव्हती."

"मंग?"

"मंग... सहज. उगाच. त्यानं पेचकस त्या मेलेलीवर टेकवला. भावाच्या."

बापूरावांचा आवाज उतरला होता. चंचलने शाल कानांवर ओढली.

"काई नाई. ...कसं येईन? जोडलीच नव्हती. वारलूनं पेचकस उचलला. खाली ठेवला. हात मांडीवर घेतला. अन्..."

...

"टक."

...

"ॲम्पातून. इतका साफ. वारलूनं पोराकडे पाह्यलं. पोरानं वारलूकडे. दोघायचेबी हात रिकामे. गिटार टेबलावर उलटी पडलेली... परत टक. मंग थांबला. मंग टक... टक... टकटक."

अंजनाबाईंनी तोंडावर पदर धरला. माधवीने पाहिलं, त्या घाबरल्या नव्हत्या. त्या ऐकत होत्या. गोष्टीतल्या या ठिकाणाची वाट पाहत बसल्यासारख्या.

"वारलूले काईच समजलं नाई. पन पोरगा स्टुलावरून उठला. गानं सुरू करायच्या आधी मोठा भाऊ बँजोच्या लाकडावर नखानं असाच ठेका द्यायचा. पार्टीले इशारा. चला म्हनून... हेच. असंच. पोरगा म्हने... 'दादा?'"

...

"काई नाई."

...

"पोरगा टेबलापाशी गेला. गिटारीवर वाकला. इतक्या हळू बोलला का वारलूले जेमतेम आयकू आलं. म्हने, 'दादा... दुखलं का रे?'"

गल्लीच्या टोकाला कुत्रं भुंकून गप्प झालं.

"वारलू म्हनते, तो वेळ कसा गेला ते सांगता येत नाई. ट्यूबलाइटभवती किडे. ॲम्प चालू. अन् काईच नाई. पोरगा वाकून. कान लावून. वाट पाहून राह्यला. पाहून राह्यला... अन् मंग..."

बापूरावांनी हात हवेत उचलला आणि तसाच खाली आणला.

"घूंऽऽ."

"परत आली?" चंचलने विचारलं.

"परत आली. जशी पाह्यजे तशी. एकटीची."

"म्हंजे... तो गेला?"

बापूरावांनी काठीने निखाऱ्यांवर राख सारली. मागच्या खोलीतली घूं तेवढी अंगणात येत राहिली. माधवीला तेव्हा कळलं. पाच महिने जिला ती फ्रीजसारखी म्हणत आली होती, त्या आवाजाकडे आयुष कान लावून बसत नव्हता. तो आवाज थांबायची वाट पाहत होता. एक प्रश्न विचारून ठेवला होता त्याने, आणि उत्तराआधीच समोरचा उठून गेला होता.

"दुसऱ्या दिवशी पोरगा स्टेजवर चढलाच नाई," बापूराव म्हणाले. आता ते भराभर बोलत होते, शेवटचा स्टॉप जवळ आल्यासारखे. "दिवाळी झाली. मंग एक दिवस तो परत वारलूकडे आला. भर दुपारी. म्हने, स्विच खरखर करून राह्यला, साफ करून द्या. वारलूनं प्लेट खोलली. अन् पाह्यते तं... त्या मोकळ्या दोनी तारा मोकळ्या नव्हत्या. जोडलेल्या. जागी कॉइल हाये नं, बरोबर तिलेच. उलट्या. जशा जोडीच्या कॉइलीले जोडाव तशा."

"त्या पोरानंच जोडल्या असन," लालसू म्हणाला.

"त्याले झाळता येत नाई. घरी झाळायचं सामान नाई. त्यानं प्लेट खोललीच नव्हती, स्क्रूवरचा वारलूचा लाल रंग तसाच होता. वारलूनं मीटर लावून पाह्यलं. कॉइल मेलेलीच. काटा जागचा हालला नाई. पन डाग होता. चकचकीत. अन् त्या डागावर..." बापूरावांनी आपला अंगठा शेकोटीच्या उजेडात धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. "बोटाचा ठसा. कथील पातळ असतानी दाबल्यावानी. रेषा न् रेषा उठलेली. तापल्या कथलावर कोन्या मानसाचं बोट टिकते, सांगा मले?"

लालसूने स्वतःचा अंगठा उलटा-सुलटा करून पाहिला.

"वारलूनं प्लेट लावून देली. त्यानं मले सांगितलं, मी तुमाले सांगितलं. एवढीच आहे."

शेकोटी बसत आली होती. चंचल आणि लालसूने एकमेकांकडे पाहिलं. उठायला हवं होतं, पण उठवत नव्हतं. अंजनाबाईंनी सुनेकडे चोरून पाहिलं, पोरगी भ्यायली का म्हणून. माधवी भ्यायली नव्हती. तिला राग आला होता, आणि राग आल्याचं तिला नवल वाटत होतं, कारण या घरात आल्यापासून तिने तो काढलाच नव्हता. भुताला काय भ्यायचं? भूत बिचारं अंगठा भाजून तारा जोडून गेलं होतं. घूं बंद व्हावी म्हणून. आणि तरी ती बंद होत नव्हती, कारण मेलेल्याला जे सांगता येत नव्हतं, ते जिवंत माणूस पार्टीतल्या पोरांना शेकोटीवर सांगत बसलं होतं.

बापूरावांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि नेहमीप्रमाणे बायकोला म्हणाले, "अवो, त्याले म्हना, जेवून घे. थंडी वाढून राह्यली."

अंजनाबाई उठायला लागल्या. माधवी त्यांच्या आधी उठली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, ट्रे उंबऱ्यावर ठेवला. पाच महिन्यांत या अंगणात तिचा आवाज 'हो जी' आणि 'आणते जी' याच्या पुढे गेला नव्हता. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "जेवायचं मी सांगते त्यायले. तुमी आत जाऊन हे गोष्ट त्यायले सांगा. साऱ्या गावाले सांगून झाली, का लहान्याची काई चूक नव्हती म्हनून. त्यायले अजून कोनीच सांगितलं नाई."